शेवटून दुसरं वाक्य

"हे वाक्य काढा," साहेब म्हणाले आणि लाल पेन्सिलीनं रेघ ओढून मोकळे झाले.

बाईंनी रेघेकडे शांतपणे पाहिलं आणि कागद परत त्यांच्यापुढे सरकवला. "राहू द्या, साहेब. तेवढं एकच खरं आहे त्यात."

"अहो, शोकसंदेश आहे हा. त्यात खरं कशाला लागतं?"

शिक्षण खातं साहेबांकडे आलं, तेव्हा बाई खात्याबरोबरच आल्या होत्या, भिंतीवरच्या घड्याळासारख्या. भाषण असो, खुलासा असो, साहेबांच्या तोंडून जे बाहेर पडे ते आधी बाईंच्या हातून उतरलेलं असे. कचेरीत सगळे त्यांना मागून 'साहेबांची जीभ' म्हणत. ते कानावर आलं तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "दातांपेक्षा बरी. दात पडतात."

कुणी मोठं माणूस अंथरुणाला खिळलं की शोकसंदेश आधीच लिहून ठेवायचा, ही कचेरीची रीत. या वेळी पाळी मास्तरांची होती. आडबाजूच्या लहान शाळा सरकारनं बंद केल्या, तेव्हा हा निवृत्त म्हातारा फळा घेऊन कचेरीच्या पायऱ्यांवर येऊन बसला होता. "शाळा बंद झाल्या नाहीत, मोठ्या शाळेच्या कुशीत गेल्या," हे साहेबांचं गाजलेलं वाक्य. लिहिलेलं अर्थात बाईंनीच. मास्तरांनी ते सुरेख अक्षरात फळ्यावर उतरवलं आणि खाली विचारलं, 'कुशीत जायला किती कोस चालायचं?'

आता त्याच बाईंनी संदेशात शेवटून दुसरं वाक्य लिहिलं होतं: 'मास्तर बरोबर होते, चुकलो आम्ही.'

बाईंचा फोन वाजला. त्या खिडकीकडे वळल्या आणि आवाज एकदम सायीसारखा मऊ झाला.

"दूध गेलं का? ... दोनच चमचे? तिसरा थुंकून टाकला? ... हट्ट काही कमी व्हायचा नाही. माझं नाव काढलंस का? ... अजून भिंतीकडेच तोंड? बरं. थोपटत राहा, आई. आणि पाढे म्हण. पाढे म्हटले की झोप लागते."

साहेब गालातल्या गालात हसले. "पाढ्यांनी झोप? आमचा नातू पाढे म्हटले की माळ्यावर जाऊन बसतो. रुसवा आहे वाटतं?"

"हो. माझ्या नोकरीवर."

"असतोच हो. आमची लेकरंही रुसायची. संध्याकाळी जाताना काहीतरी घेऊन जा हातात. विसरायला होतं."

बाईंनी फोन पर्समध्ये टाकला. मग म्हणाल्या, "साहेब, हे वाक्य आजच बोला की. दुपारी पत्रकार यायचेत."

"माणूस जिवंत असताना शोकसंदेश?"

"संदेश नको. तेवढं एकच वाक्य."

"म्हणजे म्हातारा टुणकन उठून पुन्हा पायऱ्यांवर!" साहेब खो खो हसले. बाई हसल्या नाहीत.

दुपारी पत्रकार आले, चहा पिऊन गेले. वाक्य कागदावरच राहिलं.

मग दोघांची रस्सीखेच सुरू झाली. साहेब वाक्य खोडत, बाई नवी प्रत काढत; नव्या प्रतीत ते वाक्य पुन्हा हजर, पावसाळ्यात कुंपणाकडेला उगवणाऱ्या गवतासारखं. साहेब चिडले, पक्षाचा धाक घालून झाला. शेवटी म्हणाले, "दुसऱ्या कुणाकडून लिहून घेईन!"

"घ्या ना. पण ते तुमच्या तोंडात बसायचं नाही."

आणि साहेबांना ते ठाऊक होतं.

एका सकाळी बाईंचा फोन आला. आवाज बसला होता.

"आज रजा हवी, साहेब. घरी थांबायला हवं."

"थांबा, थांबा. रात्र जागून काढलीत वाटतं. आता कसं आहे?"

"पहाटे शांत झोप लागली." बाई पुढे म्हणाल्या, "आज लागेल तो कागद तुमच्या गाडीत ठेवायला सांगितलाय."

कुठला कागद, हे विचारायच्या आत फोन बंद झाला. मग चहाबरोबर बातमी आली: मास्तर गेले. बाईंना सगळं आधी कसं कळतं, याचं साहेबांनी मनातल्या मनात कौतुक केलं.

संध्याकाळी शोकसभेला सभागृह गच्च भरलं होतं. साहेब कागद वाचू लागले. शब्द गोड होते, पण समोरची माणसं दगडासारखी बसून होती. शेवटून दुसऱ्या वाक्याशी साहेब अडखळले. पेन्सिलीसाठी हात खिशाकडे गेला आणि तेवढ्यात त्यांची नजर पुढच्या रांगेवर पडली. तिथं मुलं बसली होती. चपलांवर, पोटऱ्यांवर, थेट गुडघ्यांपर्यंत धूळ. चालत आली होती.

हात खिशातून रिकामाच बाहेर आला.

"मास्तर बरोबर होते," साहेबांनी वाचलं. "चुकलो आम्ही."

कुणी टाळी वाजवली नाही. पण मागे कुणाचा तरी हुंदका फुटला आणि सबंध सभागृहानं जणू धरून ठेवलेला श्वास सोडला. कित्येक वर्षांत आपल्याच तोंडचं वाक्य साहेबांना इतकं आपलं वाटलं नव्हतं. बाईंना उद्या सांगायला हवं, त्यांच्या मनात आलं. लेकरासाठी खेळणंही पाठवायला हवं.

ते खाली उतरले. मास्तरांच्या घरची माणसं भिंतीशी रांगेनं उभी होती. आधी थकलेली पत्नी, मग भाऊ, मग पुतणे. साहेब एकेकापुढे हात जोडत, डोळ्यांत बघत म्हणत गेले, "मास्तर बरोबर होते."

रांगेच्या टोकाला मान खाली घालून एक बाई उभी होती.

"मास्तर बरोबर होते," साहेब म्हणाले.

साहेबांच्या जिभेनं मान वर केली.

"एवढंच ऐकायचं होतं बाबांना," ती म्हणाली.