टँडेम गट

गणपतीत सोसायटीच्या माईकवरून "यंदा शंभर किलोमीटर सायकल मारणार" असं जाहीर करून बसलेले उल्हासराव होळी उलटली तरी दुधाच्या डेअरीपलीकडे गेले नव्हते. ऊन वाढलं, सायकल राईडचा मोसम संपत आला. शोधून शोधून शंभर किलोमीटरची एक शेवटची राईड सापडली, पण जागा फक्त 'टँडेम' गटात उरल्या होत्या. टँडेम म्हणजे टी-शर्ट देणारी कंपनी असणार, असं समजून त्यांनी नाव नोंदवलं.

राईडच्या सकाळी आयोजकांनी त्यांच्यासमोर दोन सीटांची सायकल उभी केली. "काका, जोडीदार कुठाय?"

जोडीदार थर्मास द्यायला आली होती. "जन्मभर तुमच्या स्कूटरवर मागे बसलेय," म्हणत नीलिमाताईंनी ओढणी कमरेला बांधली आणि पुढची सीट पकडली. "बसा मागे. पाय मारा, उपदेश नको."

मागच्या सीटला ब्रेक नसतो, नुसती घंटी असते, हे उल्हासरावांना कात्रज घाटाच्या उतारावर कळलं.

"अगं, हळू!"

"माईकवर हळू बोलला होतात का? येत्या गणपतीत मी बोलणार आहे!"

उल्हासरावांनी घंटी वाजवली. आधी जीव मुठीत धरून, मग नुसतीच मजेत, सबंध घाटभर.