मामाचा अंगठा

मोदिसे गुरांच्या तळावरून आला तो धुळीच्या बुटांसकट अंगणातल्या खुर्चीवर बसला आणि पाणीही न पिता नर्सबाईंना म्हणाला, "हं, बोला. आधी वाईट ते सांगा."

नर्स गोसेगोच्या मांडीवर बर्फाचा डबा होता. राजधानी गाबोरोनेहून आलेली करोनाची लस शाळेतल्या सगळ्या मोठ्या पोरांना टोचून झाली होती. चौदा वर्षांचा ओराटिले तेवढा राहिला होता. त्याची आई बोइपेलो तयार होती, पण तिच्या भावाला, म्हणजे पोराच्या मामाला, मोदिसेला न विचारता पोराला सुई लावायची म्हणजे गावाने तोंडात बोटं घालायची. बैल कापला की मानाचं डोकं मामाच्या ताटात पडतं, ते काही फुकट पडत नाही; भाच्याची जबाबदारीही त्याच्यावरच.

"ताप येतो, दंड दुखतो, ते सोडा," गोसेगो म्हणाली. "याच्या वयाच्या मुलग्यांत क्वचित कुणाच्या काळजाला सूज येते. बहुतेक बरे होतात."

"क्वचित म्हणजे?"

"मी टोचलेल्यांत अजून कुणाला नाही आली. पण येतच नाही असं मी म्हणणार नाही."

"आणि करोना झाला तर?"

"तेव्हाही काळजाला सूज येऊ शकते. पण या वयाची बहुतेक पोरं चार दिवस खोकून उठतात, हेही खरं."

"म्हणजे दोन्हीकडे धोका थोडाच."

"थोडाच. माझ्या मते लसीकडे त्याहूनही कमी."

मोदिसे टोपी काढून ती गुडघ्यावर फिरवत बसला. बोइपेलोला राहवेना.

"दादा, वासरांना दरवर्षी टोचतोस. तेव्हा करतोस का एवढी चौकशी?"

"वासरू गेलं तर दुसरं घेईन. याचं काही झालं तर तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने बसू?"

तीच भीती सकाळपासून बोइपेलोच्या मनातही होती. निर्णय भावावर ढकलता आला म्हणून तिला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्याची लाजही वाटत होती.

"धडधाकट पोरगा," मोदिसे म्हणाला. "दिवसभर फुटबॉल लाथाडतो. याला टोचायचंच कशाला?"

सगळ्यांची नजर मोदिसे-बोइपेलोच्या म्हाताऱ्या आईच्या झोपडीकडे गेली. म्हातारीचे लसीचे दोन्ही डोस झाले होते, पण जुन्या क्षयाने छातीचा पार भाता झाला होता. ओराटिले तिच्याच झोपडीत झोपायचा. तिला आंबील भरवायचा, खोकल्याची उबळ आली की पाठ चोळायचा.

"लस घेतली की हा घरात आजार आणणारच नाही, असं नाही," गोसेगो हळूच म्हणाली. "पण आणण्याची शक्यता कमी."

"म्हणजे सुई याला आणि औषध आईला!"

"मी बहिरी नाही रे," म्हणत म्हातारी घोंगडी घेऊन बाहेर आली. "माझ्यापायी पोराला सुई नको. मी शेतावरच्या झोपडीत जाऊन राहते. नाहीतरी नांगरणी चाललीच आहे."

"आई, तिथे रात्री उबळ आली तर कोण आहे?" बोइपेलो म्हणाली.

"आहेत की मुंग्या," म्हणत ती घोंगडीची घडी घालू लागली.

ओराटिले इतका वेळ खाली मान घालून बसला होता. मोठी माणसं बोलताना पोराला कुणी विचारत नाही, त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. तो उठला आणि घोंगडीचं दुसरं टोक त्याने हातात घेतलं. घडीला हात लावतोय असंच सगळ्यांना वाटलं. पण त्याने टोक धरलं ते सोडेचना. म्हातारीने हिसका दिला, तरी नाही.

"सोड रे मेल्या!"

"तू गेलीस तर मीही येणार," तो म्हणाला. "मग इथे काय नि तिथे काय!"

घोंगडी दोघांच्या मध्ये ताणलेली. मोदिसे घोंगडीकडे बघत राहिला. मग त्याने टोपी डोक्यावर घातली.

"टोचा," तो म्हणाला.

सुई टोचायला क्षणही लागला नाही. गोसेगोने बजावलं, पाव तास इथेच बसायचं, आठवडाभर फुटबॉल बंद. छातीत दुखलं, दम लागला, तर मध्यरात्रीसुद्धा दवाखाना गाठायचा.

"गुरं बघेल कुणीतरी. आठवडाभर मी इथून हलत नाही," मोदिसे म्हणाला. खुर्ची ओढून तो भाच्याला खेटून बसला, त्याचं मनगट पकडलं, अंगठा गच्च दाबला आणि डोळे मिटले. थोड्याच वेळात त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"बाई! हे फार पळतंय. बघा, बघा लवकर!"

गोसेगोने पोराच्या दुसऱ्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि घड्याळ बघितलं.

"याची नाडी छान चालली आहे, मामा."

"मग हे काय पळतंय?"

"अंगठ्याने नाडी बघू नये. अंगठ्याला आपलीच नाडी लागते. हे तुमचं पळतंय."

म्हातारीला हसता हसता खोकला आला. मोदिसेने अंगठा काही काढला नाही. ओराटिलेने मोकळ्या हाताची दोन बोटं मामाच्या मनगटावर ठेवली, गोसेगोने ठेवली होती तशीच.

"होतंय हळूहळू कमी, मामा," तो म्हणाला.