कमरेइतका समुद्र

"ऑर्विल, हात जरा खाली घे. तिच्या गालावर सावली पडतेय," वरच्या माळ्यावरून दिवेवाला गस ओरडला.

ऑर्विलनं हात थेल्माच्या खांद्यावरून कमरेवर आणला. तीन आठवडे तो हेच करत होता. सिनेमाचे नायक-नायिका आपापल्या खोलीत पाय पसरून लिंबूपाणी पीत असत, आणि दिव्यांची मांडणी होईपर्यंत त्यांच्याच उंचीची, त्यांच्याच रंगाच्या केसांची ही दोघं जहाजावर मिठी मारून उभी राहत. ते आले की यांनी उतरायचं. पडद्यावर यांचं नखही दिसणार नव्हतं.

जहाज अर्धंच होतं, पलीकडच्या बाजूला नुसते वासे. समुद्र कमरेइतका. क्षितिज कालच नव्यानं रंगवलं होतं, त्याचा वास अजून गेला नव्हता.

आजचा शेवटचा दिवस. साडेचारच्या बसनं थेल्मा नेब्रास्काला बहिणीकडे निघाली होती, कायमची. दाराशी ठेवलेली तिची बॅग जहाजावरून दिसत होती. 'थांब' एवढंच तर म्हणायचं होतं. तीन आठवडे तिला मिठीत घेऊनही या गड्याला ते जमलं नव्हतं.

"काहीतरी बोला रे दोघं," माईकवाला म्हणाला. "आवाज बघायचाय."

नायकाचं वाक्य ऑर्विलला पाठ होतं, रोज तेच म्हणत आला होता. आज मात्र त्यानं ते थेल्माकडे बघून म्हटलं.

"माझ्याबरोबर येशील?"

थेल्मानं त्याच्याकडे पाहिलं. एरवी हे वाक्य ऐकताना ती त्याच्या मागच्या डोलकाठीकडे बघायची.

"येईन," ती हळूच म्हणाली. "जहाज नेईल तिथे येईन."

शब्द न् शब्द नायिकेचा. ऑर्विल पुरता गोंधळला. हे तिनं आपल्याला सांगितलं, की माईकवाल्याला? विचारावं तरी कसं? तू आत्ता बोललीस ते तूच बोललीस का, असं विचारणारा माणूस वेड्यातच निघाला असता.

"अरे वा!" वरून गस म्हणाला. "लग्नाला आम्हालाही बोलवा म्हणजे झालं!"

सगळे हसले. ऑर्विलचे कान तापले, आणि त्या भरात त्यानं शुद्ध गाढवपणा केला. हात उंचावून नायकाचं पुढचं वाक्य ठोकून दिलं, "उचला रे नांगर!"

टाळ्या पडल्या. थेल्मानं त्याच्या खांद्यांवरचे हात काढून घेतले.

"छान म्हटलंस," ती म्हणाली. "तुला सकाळी कागद..."

घंटा झाली. "दुसरी जोडी खाली! पहिली जोडी वर!"

थेल्मा फळीवरून पलीकडे गेली, मागे वळूनही न बघता. ऑर्विलही निघाला होता, पण शिडाचा एक दोर सैल पडला होता. "तू धर रे," म्हणत कुणीतरी त्याला डोलकाठीमागे उभं केलं आणि फळी काढून घेतली. दारावरचा लाल दिवा लागला. आता चित्रण थांबेपर्यंत ते दार कुणासाठी उघडणार नव्हतं. थेल्मा कोट घालून, बॅग हातात घेऊन दारासमोर उभी होती.

जहाज डोलू लागलं. नायकानं नायिकेला जवळ घेतलं, अगदी ऑर्विलनं घेतलं होतं तसं.

"माझ्याबरोबर येशील?"

"नाही," नायिका म्हणाली. "तू जा. मी या किनाऱ्याची आहे."

चुकली, ऑर्विलला वाटलं. आता दिग्दर्शक खेकसणार. पण दिग्दर्शक तर खुशीत मान डोलवत होता.

"ही काय बोलतेय?" शेजारी कमरेला लाकडी सुरा लावून एक खलाशी उभा होता, त्याला ऑर्विलनं ओठातल्या ओठात विचारलं.

"निळा कागद वाचला नाहीस? सकाळीच वाटले की. हिचं उत्तर बदललंय. आता ती जात नाही त्याच्याबरोबर."

"सगळ्यांना वाटले?"

"तुझ्या थेल्माला तर मीच दिला. दोनदा वाचला तिनं."

सकाळी कागद वाटत होते तेव्हा ऑर्विल कपडेपटाच्या आरशासमोर 'थांब' म्हणायचा सराव करत होता.

नायिका तर 'नाही' म्हणते. मग मघाशी 'येईन' म्हणाली ती कोण? त्याला भलताच वेळ लागला, पण एकदाचं उमगलं, आणि छाती आनंदानं इतकी भरून आली की हातातल्या दोराचं त्याला भानच राहिलं नाही.

शीड फडफडत नायकाच्या डोक्यावर आलं. ऑर्विल कठडा ओलांडून पाण्यात उतरला आणि बुटांसकट दाराच्या दिशेनं चालू लागला. त्याच्या लाटा आपटून रंगवलेलं क्षितिज लटपटलं.

"कट! कट!" दिग्दर्शक किंचाळला. "अरे, समुद्रातून चालत कोण निघालंय?"

लाल दिवा विझला, दार उघडलं, आणि थेल्मा होती तिथेच उभी राहिली.