उशाशी फोन

नानांची उभी हयात टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांचे ट्रंक कॉल जोडून देण्यात गेली. घरी मात्र तोंडाला कुलूप. "दिवसा मुखस्तंभ आणि झोपेत पोपट," असं बायको म्हणायची. ती गेल्यापासून घरात भिंतीवरचं घड्याळ काय ते बोलायचं.

हल्ली सकाळी उठताना नानांना उगाच हलकं वाटायचं. काहीतरी चांगलं स्वप्न पडलेलं असायचं, पण डोळे उघडले की सगळं साफ. परगावच्या लेकीला स्वप्नांचे अर्थ लावायचा भारी नाद. ती म्हणाली, "नाना, फोन रेकॉर्डिंगला लावून उशाशी ठेवा. झोपेत काही बोललात तर धागा सापडेल. अर्थ मी लावते."

सकाळी चहा घेता घेता नाना ऐकायला बसले. आधी नुसतं घोरणं. मग त्यांचाच आवाज, "हो, घेतली गोळी." थोडी शांतता. "अगं, चष्मा तुझ्या शिवणाच्या डब्यात निघाला." पुन्हा शांतता, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबावं तेवढीच. आणि मग नाना चक्क खळखळून हसले होते.

चहा निवून गेला. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"पाठवा ना रेकॉर्डिंग."

"पुसून टाकलं. आता परत लावणारही नाही."

"का पण?"

 

"लाइन लागली, की ऑपरेटरनं ऐकत बसायचं नसतं."