बारावा भाग

अमेरिकेत चँडलरला लेकाकडे आलेल्या कुमुदिनीबाईंनी सहा महिन्यांत लायब्ररीतल्या एका मालिकेच्या अकरा कादंबऱ्यांचा फडशा पाडला होता. प्रत्येक भागात नवा खून. पण बेकरीवाली नायिका इन्स्पेक्टरला होकार देते का, हे शेवटच्या बाराव्या भागातच कळणार होतं. “तो कुणीतरी नेलाय, परतच करत नाही,” सून केतकी दर आठवड्याला सांगायची. बाई त्या वाचकाच्या नावानं बोटं मोडायच्या. आज परतीची फ्लाइट होती. सुनेसाठी चिवडा भरून ठेवताना डबे कमी पडले, म्हणून त्यांनी कधी नव्हे तो ओट्सचा डबा उघडला. आत बारावा भाग! केतकी ओशाळली. “आई, मीच लपवला. मालिका संपली असती, तर पुढच्या वर्षी कशाला आला असतात?” बाईंनी पुस्तक कुरवाळलं आणि पुन्हा ओट्समध्ये खुपसलं. “वाचलंस?” “हो.” “खबरदार! फोनवर शेवट फोडलास, तर येणं कॅन्सल!”