आत्याची नजर

आरेसिबो गावात ओबदुलिया आत्याची नजर वाईट समजतात. तिनं मांडीवर घेतलेली भावाची दोन तान्ही मुलं अंगभर पुवाचे फोड येऊन दगावली. तेव्हापासून तिला कुणी बाळ दाखवत नाही. भाची नेरेइदाच्या बाळालाही तसेच फोड आले, तेव्हा मात्र आत्या त्या घराकडे फिरकलीही नव्हती.

बाळावर उपचार मीच केले; ते बरं झाल्यावर माझ्या दवाखान्यात दोघींना समजावलं, "दाह पेटवणारं एक प्रथिन असतं. ते पेशीवरच्या खाचेत बसलं की आग सुरू होते. जवळपास त्याच घडणीचं दुसरं प्रथिन ती खाच आधीच अडवतं, म्हणून आपण वाचतो. बाळाकडे हे दुसरं जन्मापासूनच नाही. ते सुईतून दिलं म्हणून ते बरं झालं; आता रोज द्यायचं."

"म्हणजे दृष्ट नव्हती?" नेरेइदानं विचारलं.

"नव्हती. तुझ्या भावांनाही बहुधा हेच झालं असणार."

"ऐकलंस ना, चेटकिणी? धर तुझा नातू!" नेरेइदा हसत होती, रडतही होती.

आत्यानं बाळ छातीशी घेतलं.

"अगं, बघ तरी त्याच्याकडे."

"बघतेय ना," आत्या म्हणाली आणि डोळे घट्ट मिटून त्याच्या गालावरून बोटं फिरवत राहिली.