रविवारी रुसणारी गाडी

लेकीनं चावी फिरवली, पण गाडीनं हूं की चूं केलं नाही. तिनं पुन्हा फिरवली. दिवे लागत होते, हॉर्न ठणठणीत वाजत होता, फक्त सेल्फ लागत नव्हता.

"आई, बाबांना सांग, गाडी चालू होत नाहीये."

बाबा तिथंच, फाटकाला टेकून उभे होते. सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची.

"तिला म्हणावं, बॉनेट उघड," मिस्त्रीही बायकोलाच म्हणाले.

गेली दोन वर्षं बापलेकीचं बोलणं हे असं वळसा घालून चाललं होतं. मिस्त्रींनी आपलं गॅरेज लेकीसाठी राखून ठेवलं होतं, तिला हाताला धरून काम शिकवलं होतं. आणि तिनं एके दिवशी मोठ्या कंपनीच्या वर्कशॉपात नोकरी धरली. "तिथं यंत्र सांगणार आणि तू पार्ट बदलणार. त्याला काय मिस्त्रीकाम म्हणतात?" ते रागाच्या भरात बोलून गेले. गेलेला शब्द काही परत येत नाही. गॅरेजला कुलूप लागलं.

लेक रविवारी यायची ती आईसाठी. आई जेवणाआधीच गाडीची चावी मागून घ्यायची आणि भाजीची पिशवी डिकीत ठेवून यायची, कारण नंतर विसरायला होतं. हात धुतले की लेक निघालीच. मिस्त्रींना तिचं असं ताटावरून उठून जाणं फार लागायचं, पण सांगणार कुणाला?

गाडी त्यांचीच, जुनी, भांडणाआधी लेकीला दिलेली. त्या रविवारी त्यांनी बॅटरीची टोकं घासली, इकडच्या तिकडच्या वायरी हलवल्या, आणि गाडी सुरू झाली. टोकांवर पांढरं साचलं होतं, त्यामुळे दोष तिथेच असणार असं त्यांनी ठरवून टाकलं.

पुढच्या रविवारी गाडी पुन्हा रुसली. या वेळी बायको ओटा आवरत होती. मधला माणूस नसला की पाना मागायची मोठी पंचाईत होते.

"दहाचा," मिस्त्री हवेत बघत म्हणाले.

लेकीनं दहाचा पाना त्यांच्या हातात ठेवला.

"आठवडाभर त्रास देते?"

"नाही. रोज एका झटक्यात सुरू होते."

"तुमच्या यंत्राला दाखवायची."

"तिथं रुसली तर दाखवू ना."

मिस्त्रींना हसू आलं. ते त्यांनी मिशीत दाबलं, पण लेकीनं पाहिलं. रिले बदलला, वायरी चाचपल्या, गाडी सुरू झाली.

"कुठली गाडी बिघडलीय?" बायकोनं दारातून विचारलं. अंगणात दुसरी गाडी नव्हतीच. गॅरेजच्या टेबलावर बसून तिनं वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांचे फोन घेतले होते, पण तिची नोंद एकच, निळी खोकते, पांढरी धूर सोडते. बॉनेट कुठलं आणि डिकी कुठली एवढं तिला कळतं हेच खूप, असं मिस्त्री चारचौघांत म्हणत. ती नुसती हसायची.

तिसऱ्या खेपेला मिस्त्रींनी घाई केली नाही. कशालाही हात लावण्याआधी टॉर्च घेऊन एकेक जोड नुसत्या डोळ्यांनी तपासत गेले. सेल्फवर येणाऱ्या बारीक वायरीची क्लिप केसभर सरकलेली होती. आतापर्यंत त्यांचाच हात लागून ती जागेवर जात होती आणि त्याचं श्रेय बॅटरीला नि रिलेला मिळत होतं. लेकीनं नवी क्लिप लावली, पक्कडीनं दाबून घट्ट केली. मिस्त्रींनी दोनदा ओढून पाहिली. जागची हलेना.

"गाडी भंगारात जाईल, पण ही क्लिप सुटायची नाही," ते म्हणाले.

लेकीचे कान लाल झाले. त्या दिवशी दोघांनी पायरीवर बसून चहा घेतला, आणि ती कितीतरी वेळ कामावरच्या गमती सांगत राहिली.

आणि आज, चौथ्या रविवारी, गाडी पुन्हा गप्प. मिस्त्रींचा हात थेट क्लिपवर गेला. ती पुरती निघालेली होती.

एवढी दाबलेली क्लिप आपोआप निघत नाही. कुणीतरी ओढल्याशिवाय नाहीच. आणि एवढ्या वायरींतून नेमकी हीच उचलणारं माणूस कोण, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनीच तर शिकवलं होतं. पोरीला थांबायचं असतं, पण थांबते म्हणायला जीभ रेटत नाही. अगदी आपल्यासारखीच निघाली.

त्यांनी क्लिप बसवली आणि मुद्दाम सांगितलं, "वेळ लागेल. प्लगपण काढून बघू."

"बघू," लेक म्हणाली. तिलाही घाई दिसत नव्हती.

प्लग चांगलेच होते. तरी दोघांनी ते पुन्हा पुन्हा पुसले. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं.

"मी तेव्हा बोललो ते चुकीचं होतं," मिस्त्री प्लगकडे बघत म्हणाले. "हात चांगला आहे तुझा. कुठंही काम केलंस तरी."

"मीही तुम्हाला आधी सांगायला हवं होतं," ती म्हणाली. मग फडक्यानं हात पुसत हळूच पुढे म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी वायर काढू नका. मी तशीच थांबेन."

मिस्त्रींचा पाना हातातच राहिला.

"मी काढतो? मला वाटलं, तूच काढतेस."

लेकीनं जोरात मान हलवून नाही म्हटलं. तेवढ्यात स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

"चहा झालाय, हात धुऊन या," आई म्हणाली. "आणि ती क्लिप एवढी आवळत जाऊ नका. आज माझं नख तुटलं."